ग्लेंडाच्या नावाची टेप

बेरिल शॉरॉकला आयुष्यातली शेवटची गाढ झोप कधी लागली, हे ती तारखेनिशी सांगू शकली असती. चौदा नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी, बुधवार, सकाळच्या चहानंतर, ग्रिमशॉच्या कारखान्यात, कानाला हेडफोन लावलेले असताना. त्यानंतर ती झोपली ती सगळी वरवरची. आता वय त्र्याहत्तर. गुडघे, पाठ, डावा कान आणि हल्ली उजवाही, सगळ्यांनी आपापले राजीनामे देऊन ठेवलेले. ते मंजूर करणारं कोणी नाही म्हणून बाई चालते आहे, एवढंच.

आमच्या बेकप गावातून आधी कापूस गेला, मग सपातांचे कारखाने गेले. ज्या गिरणीत बेरिलच्या बापानं तीस वर्षं कापसाची धूळ छातीत भरून घेतली, तिच्याच वरच्या मजल्यावर ग्रिमशॉनं कॉम्प्युटरच्या खेळांच्या टेपा भरायचं काम सुरू केलं, तेव्हा गावातली म्हातारी माणसं पोट धरून हसली. पण त्या वर्षांत देशातल्या पोरापोराला स्पेक्ट्रम नाहीतर बीबीसी नावाचा घरगुती कॉम्प्युटर हवा होता. तो डबा टीव्हीला जोडायचा, शेजारी साधा टेपरेकॉर्डर ठेवायचा, आणि खेळ सुरू होईपर्यंत पाच-पाच मिनिटं टेपेच्या किंचाळ्या ऐकत बसायचं. ती किंचाळी म्हणजेच खेळ, तिच्यातूनच मशीन काय ते वाचायचं. घरोघरच्या आयांना तिचा वीट आला होता. बेरिलला ती ऐकण्याचा पगार मिळायचा.

काम असं की मोठ्या रिळावर एकाच खेळाच्या शेकडो प्रती उतरायच्या, भरणीच्या यंत्रावरचा माणूस ते रीळ कापून कॅसेटींमध्ये भरायचा, आणि भरलेल्या कॅसेटींचा ट्रे चिठ्ठीसकट बेरिलच्या टेबलावर यायचा. ट्रेमधली कुठलीही एक कॅसेट उचलायची, सुरुवात ऐकायची, आणि चिठ्ठीवर सही करायची. पुढचं टेबल ग्लेंडा ड्यूहर्स्टचं. चिठ्ठीवर लिहिलं असेल त्याप्रमाणे ती लेबल चिकटवायची, कव्हर घालायची, खोक्यात भरायची. कॅसेट आतून काय बोलते हे ग्लेंडाला कळायचं काही कारण नव्हतं. त्यासाठी बेरिल होती.

स्पेक्ट्रमची टेप आधी लांब एकसुरी शिट्टी घालते, मध्येच जराशी चिवचिवते, पुन्हा शिट्टी, आणि मग खरखरीत रडगाणं लावते. बीबीसीची टेप तुकड्यातुकड्यानं बोलते, शिट्टी, खरखर, शिट्टी, खरखर, शुद्धलेखन सांगणाऱ्या मास्तरणीसारखी. हा फरक कोणालाही कळेल. बेरिलला त्याहून बारीक कळायचं. टेप सैल आहे, आवाज घुसमटलाय, यंत्राचं हेड तिरकं बसलंय, हे ती ऐकल्या ऐकल्या सांगायची. एकदा ग्रिमशॉनं तिची परीक्षा घेतली, चिठ्ठ्या झाकून बारा खेळ ऐकवले. तिनं बाराही नावं बरोबर सांगितली. त्या दिवसापासून "शॉरॉकचा कान चुकत नाही" हे कारखान्यात जेवणाच्या भोंग्याइतकं पक्कं झालं. ती डोळे मिटून ऐकायची. सगळ्यांना ते कौतुकाचं वाटायचं.

आणि तिथंच घात झाला. त्या हिवाळ्यात बेरिलचा बाप मरायला टेकला होता. सगळी रात्र त्याचा खोकला, त्याला उठवून बसवणं, थुंकीचं भांडं रिकामं करणं, आणि सकाळी साडेसातला कारखान्यात हजर. लग्न केलं नव्हतं, भाऊ ऑस्ट्रेलियात जाऊन बसलेला. नाताळची घाई होती, ट्रेमागून ट्रे येत होते, आणि त्या बुधवारी हेडफोन लावून, डोळे मिटून, ती ताठ बसल्या बसल्या झोपली. दीड तास. मध्ये कोणी ट्रे आणून ठेवला की झोपेतच पापणी हलवून चिठ्ठीवर सही केली असावी. सही तिचीच होती, एवढं खरं.

त्याच दीड तासात यंत्रावर रीळ चुकलं होतं. खेळाचं नाव 'लॉफ्टी', वाट चुकलेली कबुतरं धुराड्यांमधून वाट काढत खुराड्यात आणायची, तेव्हा पोरांनी डोक्यावर घेतलेला. चिठ्ठीवर स्पेक्ट्रम, टेपेत बीबीसी, आणि एकाची टेप दुसऱ्याला वाचता येत नाही. ग्लेंडानं चिठ्ठी वाचली, स्पेक्ट्रमचं लेबल लावलं, स्पेक्ट्रमचं कव्हर घातलं. सहा हजार कॅसेटी अशा बाहेर पडल्या. नाताळच्या सकाळी सहा हजार पोरं टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली, आणि त्यांच्यासमोर काहीही उगवलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्रिमशॉनं दोघींना केबिनमध्ये उभं केलं. "शॉरॉक, हे ट्रे तू ऐकले होतेस?" त्यानं विचारलं. बेरिल म्हणाली, "हो." एवढंच. चिठ्ठ्या केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या, आणि पुढचा हिशेब ग्रिमशॉनं स्वतःच मांडला. शॉरॉकचा कान चुकत नाही, म्हणजे टेपा तिच्याकडून नीट गेल्या, म्हणजे घोळ लेबलांच्या टेबलावर झाला. ग्लेंडानं तोंडातून ब्र काढला नाही. दुपारी तिनं आपला कप, सपाता आणि खिडकीतलं जिरॅनियमचं रोप उचललं, आणि ती जिना उतरून गेली.

सोमवारी सांगू, असं बेरिलनं ठरवलं होतं. सोमवारी बापाला रक्ताची उलटी झाली. मग पुढचा सोमवार. मार्चमध्ये बाप गेला, आणि सांगायला काही अडचण उरली नाही, तेव्हा तर ते आणखीच अवघड झालं. खाई त्याला खवखवे. दुकानात भाजीपाशी ग्लेंडा दिसली की बेरिल वाणसामानाकडे वळायची, रस्त्यात दिसली की समोरच्या फुटपाथवर जायची. पुढे टेपा गेल्या, ग्रिमशॉ गेला, गिरणीचे फ्लॅट झाले. चाळीस वर्षं दोघी एकाच गावात राहिल्या, आणि बेकप म्हणजे काही लंडन नव्हे.

आणि आता एका मंगळवारी तिच्या दारात रसेल एंटविसल उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, टकला, पाणीपुरवठा खात्यात नोकरी, आणि सुटीच्या दिवशी जुने कॉम्प्युटर गोळा करायचा नाद. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या मंडळाचं प्रदर्शन भरायचं होतं.

"मिस शॉरॉक, तुम्ही नाही म्हणायचं नाही," तो दारातूनच म्हणाला.

"मी अजून हो पण म्हटलेलं नाही. आधी बूट पूस."

चहा झाला, बिस्किटं झाली. ग्रिमशॉच्या कारखान्यातली दोनच माणसं गावात उरलीत, आणि शनिवारी त्या दोघींना पुढं बसवायचं असा त्याचा बेत होता. मग त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली, देवाची मूर्ती काढावी तशी. कव्हरवर धुराडं आणि जाडं कबुतर.

"ही बघा. नाताळची सकाळ, साडेसहा वाजलेले, मी तेरा वर्षांचा. लोड टाइप केलं आणि बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही! बाबा म्हणाले, मशीन बिघडलं. आई म्हणाली, यानंच कुठंतरी बोट घातलं असणार. टर्की टेबलावर यायच्या आत माझ्या कानाखाली दोन बसल्या होत्या."

"वाईट झालं रे," बेरिल म्हणाली. तिचा चहा गार होत होता.

"वाईट कसलं? अहो, आज तीच टेप माझ्याकडची सगळ्यात मोठी चीज आहे! बाकीच्या टेपा कारखान्यानं परत मागवून पुसून टाकल्या. देशात वीसेक उरल्या असतील. हौशी लोक हिला 'ग्लेंडाची टेप' म्हणतात. तुमच्या कारखान्याच्या जुन्या ड्रायव्हरकडून गोष्ट ऐकली आणि मीच ते नाव आमच्या मासिकात लिहिलं होतं." त्यानं फुशारून एक कागद पुढं सरकवला. "आणि ही शनिवारची पाटी. ऐका हं."

पाटीवर लिहिलं होतं की लेबलांच्या टेबलावरच्या ग्लेंडा ड्यूहर्स्ट यांना लागलेल्या एका डुलकीनं देशभरातल्या सहा हजार मुलांचा नाताळ बुडाला.

बेरिलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डुलकी? डुलकी कोणी सांगितली तुला?"

"कोणी नाही. मी आपलं रंगवलं थोडं. वाचायला बरं वाटतं ना?"

"तिला दाखवलंस?"

"शनिवारीच दाखवणार, गंमत म्हणून! केक त्याच कापणार. तुम्ही शेजारी. गुरुवारी संध्याकाळी छापायला टाकतोय, काही बदलायचं असलं तर त्याआधी सांगा." जाताना दारात थांबून तो म्हणाला, "तुमचा कान चुकत नसे म्हणे. ते पण घातलंय खाली."

म्हणजे झालं. सगळ्या गावासमोर ग्लेंडानं दुसऱ्याच्या डुलकीची पाटी वाचायची, हसायचं, केक कापायचा, आणि जिची डुलकी ती शेजारी बसून टाळ्या वाजवणार. गुरुवार संध्याकाळच्या आत बोलायचं, नाहीतर मग ते छापलेलं खरं.

लोक म्हणतात, खरं बोलायला धैर्य लागतं. मला नाही तसं वाटत. लागते ती अंगातली ताकद, आणि दमलेल्या माणसाकडे दिवसाच्या शेवटी तीच शिल्लक नसते. बेरिलचं चाळीस वर्षं धैर्यावाचून काही अडलं नव्हतं. ती रोज फक्त उद्यावर टाकत गेली, लोक इस्त्रीचे कपडे टाकतात तशी. बुधवारी तिनं दोनदा फोन उचलला आणि ठेवला. रसेलला सांगून भागणार नाही, हे तिला कळत होतं. त्याला काय, त्याला पाटीवर एक डुलकी हवी, कोणाची का असेना. सांगायचं ते ग्लेंडाला.

गुरुवारी जेवण न करताच तिनं कोट चढवला. ग्लेंडाचं घर चर्चच्या वरच्या चढावर, दगडी घरांच्या रांगेत शेवटचं. अर्ध्या चढावर बेरिल दोनदा थांबली, एकदा गुडघ्यासाठी आणि एकदा परत फिरायचा विचार करण्यासाठी. बेल वाजवली तेव्हा आतून हळू, फरपटणारी पावलं आली.

ग्लेंडा बारीक झाली होती. हातात चार पायांची काठी. तिनं बेरिलकडे बघितलं, खाली तिच्या बुटांकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग तू माझ्या दारात कशी?"

"बोलायचं होतं."

"ये. ऊब बाहेर चाललीय, गॅसचं बिल मला भरावं लागतं."

स्वयंपाकघरात पिठाच्या पारीतली बटाट्याची पाई भट्टीत होती, तिचा वास सुटला होता. ग्लेंडानं बस म्हटलं नाही, पण खुर्चीवरचं मांजर उचलून खाली ठेवलं. बेरिल टेकली. कोट काढायचं तिला सुचलं नाही.

"ग्लेंडा, ते ट्रे मी ऐकले नव्हते," ती म्हणाली. एका दमात म्हणाली, कारण दुसरा दम मिळेल याची खात्री नव्हती. "मी झोपले होते. हेडफोन लावून झोपले होते. आणि ग्रिमशॉसमोर मी खोटं बोलले. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली. रसेल शनिवारी जी पाटी लावणार आहे, तिच्यावर माझं नाव यायला हवं, मी आजच त्याला सांगते."

ग्लेंडानं भट्टीचं दार उघडून पाईकडे बघितलं, बंद केलं.

"तू घोरत होतीस," ती म्हणाली.

बेरिलला वाटलं आपल्या कानांनीच दगा दिला. "काय म्हणालीस?"

"घोरत होतीस म्हटलं. बारीक. माझं टेबल चार फुटांवर होतं, बाई. मीच ट्रेमागून ट्रे तुझ्यासमोर सरकवले आणि दर वेळी पेन तुझ्या हातात दिलं. म्हटलं झोपू दे जरा बिचारीला, बाप मरायला टेकलाय. चार ट्रे न ऐकता गेले तर काय आभाळ कोसळणार आहे?" ती खुर्चीत हळूहळू बसली. "कोसळलं ते."

"मग तू बोलली का नाहीस? त्याच्यासमोर?"

"काय बोलायचं होतं? हिचा पगार थांबवा म्हणून? माझ्याकडे नवरा होता, रॉनचा पगार होता. तुझ्याकडे काय होतं? आणि मला तीन आठवड्यांत शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथं ऊब तरी होती. ग्रिमशॉकडे बोटं गारठायची." तिनं काठी खुर्चीला टेकवली. "मला वाटलं, महिनाभरात तू स्वतःच येशील सांगायला."

बेरिलला उठून जावंसं वाटलं. चाळीस वर्षं जे ओझं एकटीनं वाहिलं असं ती समजत होती, त्याचं दुसरं टोक चढावरच्या या घरात धरलेलं होतं, आणि धरणाऱ्या बाईला खाली ठेव म्हणायला कोणी गेलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त, फार थकवा आला.

"मी रसेलला फोन करते," ती म्हणाली. "आत्ताच. इथूनच."

"काही करू नकोस."

"अगं पण डुलकी म्हणून लिहिलंय त्यानं! तुझी डुलकी!"

"लिहू दे. माझी नातवंडं सांगत फिरतात, आमच्या आजीनं सहा हजार पोरांचा नाताळ बुडवला म्हणून. धाकट्यानं शाळेत त्याच्यावर निबंध लिहिला." ग्लेंडा पहिल्यांदा हसली, पण डोळ्यांपर्यंत काही ते पोचलं नाही. "शिक्षा मी भोगली, तर मान तू घेणार? केक मीच कापणार. तुला मोकळं व्हायचंय, बेरिल. दोन ओळी छापून, चार माणसांसमोर मान खाली घालून. तेवढ्यात मोकळं नाही होता येत."

"मग मी काय करू?"

ग्लेंडानं काठीच्या टोकानं मांजराला भट्टीपासून दूर सारलं. पाई आत चरचरत होती.

"टेपेची माफी तू आज मागतेस. ती मी तेव्हाच दिली होती, न मागता," ती म्हणाली. "रस्ता ओलांडून जायचीस ना, त्याचं काय? मी दिसले की समोरच्या फुटपाथवर. मला वाटायचं, हिनं स्वतःला पटवलंय की खरंच मी घोळ घातला. मग वाटायला लागलं, कदाचित घातलाही असेल मी. रॉन म्हणायचा, सोड गं. कसं सोडायचं? चार वर्षं दुपारचा डबा आपण एकत्र खाल्ला होता."

"मला लाज वाटायची गं तुझी. म्हणजे माझीच."

"तुझ्या लाजेनं माझं काय भलं केलं?" ग्लेंडाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रॉन गेला तेव्हा तू गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली होतीस. काळा कोट घालून. मी गाडीत बसले होते, शवपेटीच्या मागच्या. मी तुला बघितलं. म्हटलं, आली. आता येईल पुढं. आणि तू वळून गेलीस."

बेरिलला ती सकाळ आठवत होती. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीला हात लावून ती दहा मिनिटं उभी होती. कोणी आपल्याला बघितलं असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"त्या दिवशी माझ्याकडे कोणी मैत्रीण नव्हती," ग्लेंडा म्हणाली. "होत्या त्या आधीच गेल्या होत्या, मार्जोरी, विनी, सगळ्या. तू जिवंत होतीस, आणि तरी नव्हतीस."

इथं कुठलीच सबब चालणार नव्हती. बापाचा खोकला नाही, सोमवार नाही, गुडघे नाहीत. चाळीस वर्षं ती एका चुकीसाठी मनातल्या मनात शब्द जुळवत बसली होती, आणि चूक ती नव्हतीच. चूक तिनं नंतर केली होती, रोज, जागेपणी, पायांनी चालत.

"चुकलं माझं," ती म्हणाली. रडली नाही. रडायलाही जोर लागतो. "टेपेचं नाही म्हणत. त्या कोपऱ्याचं."

ग्लेंडानं मान हलवली. ती हो होती की नाही, ते बेरिलला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. ग्लेंडा काठी टेकून उठली, भट्टी बंद केली, पाई बाहेर काढली, आणि एकाच ताटलीत वाढून घेतली. बेरिलही उठली. दारापर्यंत ती एकटीच गेली.

मागून आवाज आला. "शनिवारी शेजारी बसू नकोस. मागच्या रांगेत बस. रसेलला सांग, पाठ धरलीय म्हणून. शेजारी बसण्याइतकं अजून मला जमणार नाही."

"बरं."

"आणि संपल्यावर पळून जाऊ नकोस." ग्लेंडा ताटलीकडे बघतच बोलत होती. "पोरं केक खाऊन आपापल्या गाड्यांतून निघून जातात. हा चढ मला एकटीला चढवत नाही. कोणाचा तरी हात लागतो."